या, जेवायला

१

रिव्हेट मारणाऱ्याचे कान तिशीत जातात. माझे थोडे आधीच गेले, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला फारसं दुःख नाही. लग्न मी केलं नाही, त्यामुळे घरी ऐकायचं ते एकट्या बहिणीचं. ती पेलीना. तिचा आवाज असा की तिनं किनाऱ्यावरून हाक मारली की होडीतला माणूस वल्ही टाकून उभा राहतो. ती बोलायला लागली की बहिरेपणाचे फायदे कळतात.

कान गेले की तळहात ऐकायला लागतात. जहाजाच्या लोखंडी अंगावर हात टेकवला की आत कोण चालतंय, कुठे घण पडतोय, कोण काम सोडून शिडीवर रेंगाळतंय, सगळं हाताला कळतं. आमच्या गोदीत निम्मी माणसं अशीच. नवख्याला वाटावं, हे सगळे जहाजाला ताप आलाय का ते बघताहेत.

आमची टोळी तिघांची. निको काका भट्टीवर. ते रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे जाड खिळे, लालभडक तापवायचे आणि एका लोखंडी नळीतून जहाजाच्या आत सोडायचे. आत अँपेलियो, कान माझ्यासारखेच गेलेले. तो खाली पडलेलं रिव्हेट चिमट्यानं उचलून भोकातून बाहेर ढकलायचा आणि त्याच्या डोक्यावर लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरायचा. बाहेर मी. भोकातून लाल टोक डोकावलं की हवेवर चालणाऱ्या हातोड्यानं ते चेपून सपाट करायचो. आमच्या दोघांच्या मधे जाड पत्रा. दिवसभर एकमेकांना रेटायचं आणि तोंड मात्र दिसायचं नाही.

पत्र्यापलीकडे हाक पोचत नाही, म्हणून ठोके. आतून दोन ठोके म्हणजे ‘मार’. एक ठोका म्हणजे ‘बरं’. आणि दुपारी बाहेरून मी एक खास खूण द्यायचो. एक लांब, दोन जवळजवळ, पुन्हा एक लांब. म्हणजे ‘या, जेवायला’. त्यावर आतून एक ठोका यायचा, ‘बरं’, आणि थोड्या वेळानं अँपेलियो तोंडावरची काजळी पुसत बाहेर.

हे ‘या, जेवायला’ आमच्या किनाऱ्यावरचं सवयीचं बोलणं. उंबऱ्यावर बसून कुणी खात असेल आणि समोरून माणूस गेला, तर ‘या, जेवायला’ म्हणायचंच. जाणाऱ्यानं ‘चालू द्या’ म्हणायचं आणि चालू लागायचं. कुणी येत नाही. आपण खरं बोलावलेलं नसतं, त्यालाही खरं यायचं नसतं, आणि दोघांनाही बरं वाटतं. दोन दिवसांचा उपाशी माणूससुद्धा ‘चालू द्या’ म्हणतो. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

२

त्या वसंतात ‘एर्सीलिया’ उतारावर जवळजवळ पुरी झाली होती. मालवाहू बोट, पोटानं गोल, नाकानं बसकी, पण आम्हाला ती अप्सरा वाटायची. तिला पाण्यात सोडायचा रविवार ठरला आणि पेलीनानं त्याच रविवारी अँपेलियोशी लग्न ठरवून टाकलं.

‘गोदी त्या दिवशी सगळ्यांना जेवण देणारच आहे,’ ती म्हणाली. ‘बँड आहे, पताका आहेत, पाद्रीबाबा आलेलेच आहेत. जहाजाला आशीर्वाद देतील, जरा वळतील, मला देतील. वाट बघून बघून माझं आणि जहाजाचं वजन आता सारखंच झालंय.’

लग्न याआधी दोनदा पुढं गेलं होतं. एकदा आमची आई गेली म्हणून, एकदा गोदीत संप झाला म्हणून. पेलीनानं अँपेलियोला बजावलं होतं, ‘तिसऱ्यांदा काही निघालं तर मी थांबणार नाही हं. सरळ मठात जाईन आणि तिथल्या बायकांना छळीन.’ हे ती हसत हसत म्हणाली. पण संध्याकाळी मी तिला लग्नाचा झगा उसवून पुन्हा शिवताना पाहिलं. तो पहिल्यांदा शिवला तेव्हा ती बारीक होती. मला फार वाईट वाटलं. काय वाटेल ते होवो, या वेळी हे लग्न झालंच पाहिजे, असं मी मनाशी धरलं.

आता जहाजाचा तळ कसा असतो ते सांगतो. तो दुहेरी असतो. दोन तळांच्या मधे टाक्या, पेटीतल्या खणांसारख्या एकामागून एक. टाकी पुरी झाली की तिचं झाकण बोल्ट आवळून बंद करायचं, आत गच्च पाणी भरायचं आणि कुठे पाझरतं का ते बघायचं. त्या आठवड्यात पुढच्या सगळ्या टाक्या भरलेल्या होत्या.

दुपारी आम्ही तिघे जहाजाच्या सावलीत, तळाला पाठ टेकून जेवत होतो. हरभऱ्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली पोळी, खारवलेली मासळी, कांदा आणि निको काकांची आंबट वाईन. लग्नात कसं नाचणार ते अँपेलियो बसल्या बसल्या नुसत्या खांद्यांनी दाखवत होता. तेवढ्यात माझ्या पाठीत दोन ठोके आले.

‘मार.’

मला वाटलं, कुणीतरी सुट्टी विसरून आत राहिलंय. असले उत्साही प्राणी असतात. माझ्या तोंडात घास होता. मी मागं न वळता चाकूच्या मुठीनं पत्र्यावर ठोकलं. एक लांब, दोन जवळजवळ, एक लांब. उंबऱ्यावरून म्हणावं तसं, रीत म्हणून.

आतून एक ठोका आला. ‘बरं.’

मी घास गिळला. अँपेलियोचं कोपर माझ्या बरगडीत रुतलेलं होतं. निको काका कांदा सोलत होते. समोर, उताराला फासायच्या चरबीच्या पिंपांपाशी बाकीच्या टोळ्या बसल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. मग मी मान वळवून माझ्या पाठीमागची टाकी कुठली ते बघितलं. पत्र्यावर खडूची फुली होती. फुली म्हणजे पाण्यानं भरलेली.

३

‘ऊन,’ मुकादम गिओ म्हणाला. ‘सकाळी पत्रा तापतो, दुपारी सावलीत आला की आकसतो. आकसला की ठोका बसतो. तुझ्या डोक्याचंही तसंच झालंय.’

मला ते पटलं. लोखंड कुरकुरतं, हे मला काय नवीन होतं? दोन ठोके पडले, तर दोन ठोके योगायोगानंही पडतात. मागाहून एक पडला, तर एक ठोका कशाचाही असू शकतो. असं मनाशी जुळवत मी घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

अँपेलियोनं मात्र दुसऱ्या दिवशी ते सगळ्या गोदीभर पसरवलं. ‘सीरोनं माशांना जेवायला बोलावलंय हो! पेलीनाला सांगा, आणखी एक पातेलं चढव!’ माणसं मला वाटेत अडवून ‘या, जेवायला’ म्हणायला लागली. कुणीतरी माझ्या हातोड्याच्या गळ्यात जेवणाचा रुमाल बांधून ठेवला. मी पण हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

निको काका तेवढे हसले नाहीत. त्यांना दात नाहीत, त्यामुळे त्यांचं जेवण मुळातच सावकाश. ते चघळायचे थांबले आणि म्हणाले, ‘तू नक्की काय ठोकलंस?’

‘या, जेवायला.’

‘आणि तो बरं म्हणाला? चालू द्या नाही म्हणाला?’

‘अहो काका, ठोक्यांत चालू द्या कुठं आहे?’

‘तेच म्हणतोय मी,’ काका म्हणाले. मग त्यांनी आपल्या पोळीतला एक तुकडा मोडून जहाजाच्या टेकूवर ठेवला. मी बघत राहिलो तर म्हणाले, ‘चिमण्यांना.’

त्यानंतर मी पुन्हा तसं काही ठोकलं नाही. पण रोज दुपारी, आम्ही पाठ टेकून बसलो की एक ठोका यायचा. एकच. आपण कुणाची वाट बघत असावं आणि त्यानं गल्लीच्या तोंडाशी असतानाच ‘आलो हं’ म्हणावं, तसा. मी जागा बदलून बघितली. पुढं बसलो तर काही नाही. मागं सरकलो की होताच. पहिल्या दिवशी फुलीच्या टाकीतून आला होता, मग तिच्या मागच्या, मग त्याही मागच्या. टाक्यांच्या मधे भरीव पत्र्याच्या भिंती असतात, त्यांना सुईएवढंही भोक नसतं. त्या मीच ठोकलेल्या, मला माहीत होतं.

सगळ्यात मागं एकच टाकी अजून उघडी होती. तिच्यात अँपेलियो काम करत होता.

४

ठोकळा धरणाऱ्याचा हात ओळखता येतो, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पण तुम्ही पलीकडून दिवसभर कुणाला रेटत असाल तर त्याचा स्वभावही कळायला लागतो. अँपेलियोचा हात जरा लवचिक. हातोडा बसला की तो किंचित उशिरा उलट रेटतो, आधी विचार केल्यासारखा. बोलायलाही तो तसाच. पेलीनाला ‘माझ्याशी लग्न करशील का’ हे विचारायला त्यानं एक अख्खी बोट बांधून होईपर्यंत वेळ घेतला होता.

त्या शुक्रवारी दुपारनंतर काम फार सुरेख चाललं होतं. आतून दोन ठोके, भोकातून लाल टोक, माझा हातोडा, झालं. लगेच पुढचं. पलीकडून असा भक्कम आधार की हातोडा उसळेचना. रिव्हेटं लोण्यासारखी बसत होती. मी खुशीत येऊन गायलाही लागलो. मला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे माझा आवाज चांगला लागला होता. मनात म्हटलं, गड्याला लग्नाचा जोर चढलाय.

ओळ संपायला आली आणि कुणीतरी मागून माझ्या खांद्यावर थाप मारली.

अँपेलियो होता. हातात निको काकांची वाईनची बाटली, ओठ लाल. तो मोठ्यानं काहीतरी म्हणाला. मी हातोडा थांबवला आणि त्याच्या ओठांकडे बघितलं.

‘आत कोणाला बसवलंस?’ तो विचारत होता. ‘मी कधीचा बाहेर आलोय. पोट बिघडलंय माझं.’

भोकातून लाल टोक बाहेर आलं. पत्र्याला टेकलेल्या माझ्या डाव्या हातात दोन ठोके आले. ‘मार.’

मी मारलं नाही. ते टोक माझ्यासमोर लालाचं तांबूस झालं, तांबूसाचं काळं झालं. काका नळीपाशी चिमटा घेऊन उभे होते. नळीतून रिव्हेट आत सोडायचं एवढंच त्यांचं काम, ते कोण उचलतंय हे त्यांना दिसत नसतं. मी तसाच वर धावलो, शिडीनं खाली उतरलो आणि उघड्या टाकीच्या तोंडातून दिवा आत घातला. टाकीत ठोकळा होता, चिमटा होता. दोन्ही नीट एकाशेजारी एक ठेवलेले. ठोकळ्यावर पाण्याचे थेंब होते.

घाम असेल, असं मी स्वतःला सांगितलं. लोखंडालाही घाम येतो. मुकादमाला विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं.

मुकादम आला तो ती ओळ बघून हरखूनच गेला. एकेका रिव्हेटवरून त्यानं अंगठा फिरवला. ‘अँपेलियो, असं धरणारा माणूस सबंध किनाऱ्यावर नसेल,’ तो म्हणाला. ‘ही टाकी पाण्यानं भरून बघायला आता वेळ नाही. रविवारी बोट सुटेल तेव्हा दिवा घेऊन तूच आत राहा आणि कुठं पाझरतंय का ते बघ. तुझ्याइतका भरवसा मला दुसऱ्या कुणाचा नाही.’

अँपेलियोनं छाती फुगवली. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, ‘जाऊ नकोस. तुझं लग्न आहे त्या दिवशी.’

‘म्हणून तर!’ तो म्हणाला. ‘नवरदेव घोड्यावरून येतात, गाडीतून येतात. मी जहाजातून येणार.’

‘ते काम तू केलेलं नाहीस, अँपेलियो.’

‘हळू बोल,’ तो डोळा मारून म्हणाला. ‘मुकादमाला कशाला सांगतोस?’

५

रविवारी सकाळी असं लख्ख ऊन पडलं होतं की समुद्राकडे बघवत नव्हतं. आख्खं गाव गोदीत. बँडवाल्यांनी नवीन टोप्या घातल्या होत्या. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी जहाजावर शिंपडलं ते निम्मं वाऱ्यानं बँडवर उडवलं. पेलीना झगा घालून मंडपात पहिल्या रांगेत उभी होती आणि शेजारी उभ्या असलेल्या गोदीच्या मालकीणबाईंपेक्षा रुबाबदार दिसत होती, हे मी तिचा भाऊ म्हणून सांगत नाही.

आम्ही जहाजाखाली टेकू पाडत होतो. एकेक पडत गेला. शेवटचा निघाला तेव्हा आधी काहीच झालं नाही. जहाज तिथंच. मग असं वाटलं की आपणच मागं सरकतोय. मग उतारावरच्या चरबीतून धूर निघाला आणि ती निघाली. एवढी मोठी बाई, आधी लाजत, मग धावतच. पायाखालची जमीन थरथरत होती. शेपूट पाण्यात घुसलं, लाट उठली, पुढच्या रांगेतल्या लोकांचे बूट भिजले आणि ‘एर्सीलिया’ तरंगायला लागली. मी रडलो. निको काका रडले. मुकादम गिओ तर हुंदके देत होता आणि डोळ्यांत चरबीचा धूर गेला म्हणत होता. वर्षभर ज्याला आपण हातानं ढकलत असतो ते एका क्षणी स्वतः चालायला लागतं, यासारखा दुसरा आनंद मला माहीत नाही.

जहाजात बसून गेलेल्या माणसांना घेऊन होडी परत आली. त्यांत अँपेलियो नव्हता.

‘मागच्या टाकीत पाणी आलंय,’ होडीतला एक जण मुकादमाला ओरडून सांगत होता. ‘एक भोक मोकळंच राहिलंय. अँपेलियोचा दिवा विझला. आम्ही झाकणातून ओरडलो, पण त्याला ऐकू कुठं येतं?’

मोकळं भोक कुठलं, ते मला माहीत होतं. शुक्रवारी तिथं रिव्हेट गार झालं होतं. ते नंतर काढलं गेलं आणि धांदलीत नवीन कुणी घातलंच नाही. मी होडीत उडी मारली, मागोमाग मुकादमानं.

पेलीना धक्क्याच्या कडेला आली होती. मला वाटलं आता ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं माझी बाही धरली आणि ओठ हलवले, आणि जन्मात पहिल्यांदा मला तिचं बोलणं ऐकू आलं नाही. ओठांवरून कळलं.

‘तिसऱ्यांदा नको रे, दादा.’

६

रिकाम्या जहाजाच्या तळात उतरलं की आपण विहिरीत असल्यासारखं वाटतं. वर चौकोनी आकाश, खाली काळोख. मुकादम दिवा धरून झाकणापाशी ओणवा झाला होता आणि आत ओरडत होता. आत पाणी हलत होतं. एकेका टाकीच्या आत आडव्या लोखंडी फळ्या असतात, त्यांच्यातल्या भोकांतून रांगत जावं लागतं. पाणी आता त्या भोकांच्या कडेपर्यंत चढलं होतं. अंधारात वाट चुकलेल्या बहिऱ्या माणसाला ती भोकं सापडणार कशी?

मी गुडघे टेकले आणि लोखंडाच्या जमिनीवर दोन्ही तळहात ठेवले.

पहिल्यांदा बँड लागला. धक्क्यावरचा मोठा ढोल पाण्यातून, पत्र्यातून थेट हातात येत होता. लग्नाचं गाणं वाजवत होते. मग खाली, डावीकडे, अँपेलियोचा हात लागला. तो कशानं तरी इकडे तिकडे ठोकत होता, वाट चाचपत. कधी जवळ, कधी लांब. त्याच्या ठोक्यांना घाई लागली होती.

त्याला कळेल अशी एकच खूण होती. ती दिली की तो नेहमी बाहेर येतो. खूण कुठून येतेय ते धरून आला असता. वर्षानुवर्षं रोज दुपारी तो तसाच येत होता, डोळे मिटूनसुद्धा.

पण ती खूण ऐकणारा तिथं तो एकटा नव्हता. आणि या वेळी मी ती तोंडात घास असताना, रीत म्हणून देणार नव्हतो. मनापासून देणार होतो. मला इतकी भीती वाटली की टेकू पाडायचा हातोडा हातातून दोनदा निसटला.

मग मला पेलीनाचा उसवलेला झगा आठवला. मी ठोकलं. एक लांब, दोन जवळजवळ, एक लांब.

या, जेवायला.

खालचे ठोके थांबले. थोड्या वेळानं एक ठोका आला. किंचित उशिरा, लवचिक. अँपेलियो.

आणि त्याच्या अगदी शेजारी, दुसरा. भक्कम, जराही न उसळणारा. बरं.

मी हात उचलले नाहीत. खाली दोघं चालायला लागले. माझ्या तळव्यांना ते कळत होतं. एक अडखळत होता, एक अडखळत नव्हता. मग झाकणाखालचं पाणी ढवळलं आणि अँपेलियोचं डोकं वर आलं. मी त्याच्या काखेत हात घातले. त्याचे पाय शिडीची पायरी शोधत होते, सापडत नव्हती. दिव्याच्या उजेडात मला पाण्यात एक हात दिसला. त्यानं अँपेलियोचा घोटा धरला, पाऊल उचललं आणि अलगद पायरीवर ठेवलं. दिवसभर कपडे धुणाऱ्या बाईची बोटं होतात तशी बोटं होती ती, पांढरी, सुरकुतलेली. मग हात आत गेला.

‘कोण आहे रे तो?’ अँपेलियो धापा टाकत, हसत विचारत होता. ‘चांगला माणूस पाठवलास. मनगट धरून आणलं मला.’

मुकादमानं चौकोनी आकाशाकडे बघितलं. त्याची सगळी माणसं वरून वाकून बघत होती. मग त्यानं झाकण ओढलं आणि बोल्ट आवळायला लागला.

‘नका लावू,’ मी म्हटलं. ‘जेवायला बोलावलंय मी.’

‘टाकी भरतेय, बाबा,’ मुकादम म्हणाला. त्यानं बोल्ट इतके घट्ट आवळले की मला ते कधी सुटतील असं वाटेना.

७

लग्न लागलं. नवरदेव केसांपासून ओला होता आणि पाद्रीबाबांना वाटलं तो रडून भिजलाय. जेवण पत्र्याच्या शेडमधे होतं. लांबच लांब फळ्या, त्यांवर पांढरी कापडं. सारण भरलेल्या रॅव्हिओलीच्या पराती येत होत्या, वाईन नुसती वाहत होती, आणि अर्धी गोदी बहिरी असल्यामुळे सगळे एकमेकांशी असे किंचाळत होते की बँडवाल्यांनी शेवटी नाद सोडला आणि तेही जेवायला बसले.

मी माझ्या आणि निको काकांच्या मधे एक जागा मोकळी ठेवली.

‘हे ताट कुणाचं, दादा?’ पेलीनानं विचारलं.

‘एक पाहुणे आहेत. उशिरा येतील.’

‘मग भूक लागलेली असेल,’ ती म्हणाली आणि त्या ताटात तिनं रास घातली.

काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी जेवलो, गायलो, नाचलोसुद्धा. खांद्यांनी नाचायचं अँपेलियोचं ते नाचणं सगळ्यांनी शिकून घेतलं. परत येऊन बसलो तर त्या ताटात काही नव्हतं. बोटानं पुसून घेतल्यासारखं स्वच्छ.

‘काका, दोन ताटं जेवलात!’ पेलीना ओरडली. ‘दात नाहीत तर ही तऱ्हा!’

‘शपथ, पोरी, मी नाही,’ काका म्हणाले, आणि सगळे पोट धरून हसले. मी बाकाच्या त्या जागेवर हात ठेवून बघितला. लाकूड ओलं होतं.

संध्याकाळी लोक निघाले. पेलीना शेडच्या दारात उभी राहून एकेकाला निरोप देत होती. गाल लाल, केस सुटलेले, आवाज तोच. एवढी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. मी शेजारी चौकटीला हात टेकून उभा होतो.

‘या हं सगळे!’ ती शेवटी सगळ्यांच्या पाठीवर ओरडली. ‘आता बारशाला या! कुणी राहायचं नाही, सांगून ठेवते!’

जाणारे हसले. कुणी हात हलवला, कुणी ‘आधी पाळणा तरी कर’ म्हणून चिडवलं. रीतच ती.

चौकटीच्या लाकडातून माझ्या तळव्यात एक ठोका आला.

८

पेलीनाला आता सातवा महिना आहे. ती फुलून गेलीय, आणि अँपेलियो इतका सुखात आहे की त्याच्याशी दोन मिनिटं गंभीरपणे बोलता येत नाही. त्या पाहुण्यानं आमचं काही वाईट केलेलं नाही. रिव्हेटं उत्तम धरली, माणूस परत आणून दिला, जेवला आणि गेला. मी हे स्वतःला रोज सांगतो.

पाळणा अँपेलियोच करतोय. मी त्याला म्हटलं, लोखंड वापरू नकोस, नुसत्या लाकडी खुंट्या मार. तो हसला, पण ऐकलं त्यानं.

काल मी कामावरून येताना त्यांच्याकडे डोकावलो. पाळणा तयार होता. सुरेख झालाय. अँपेलियोनं त्याला हलकेच झोका दिला.

‘एवढ्या खुंट्या एकट्याला बसवता आल्याच नसत्या,’ तो म्हणाला. ‘दुपारी तू पलीकडून धरलंस म्हणून जमलं. काय धरतोस रे! जरासुद्धा हललं नाही. आणि न बोलता निघून पण गेलास, जेवायला थांबला असतास तर?’

दुपारी मी गोदीत होतो. पेलीना खिडकीशी बसून बाळाचं टोपडं विणत होती, आणि दोघंही माझ्याकडे बघून हसत होते.

‘बरं,’ मी म्हटलं.